प्लायवूडच्या अलीकडचे खेकडे

वहिनीने कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला होता आणि तिचा दीर आपल्या दुकानाच्या दारात उभा राहून हसत होता. मी नेमका तेव्हाच माझ्या संघटनेचा फलक फ्रेम करायला घेऊन आलो होतो, म्हणून पुढचं सगळं पहिल्यापासून बघायला मिळालं.

वहिनी म्हणजे फ्रेमवाली. सगळा बाजार तिला वहिनीच म्हणतो, कारण बाजाराने तिचं हे नाव ऐकलं ते दिराच्या तोंडून. नवरा होता तोवर दुकान दोघांचं होतं. तो पट्ट्या कापायचा, ती हिरकणीने काच कापायची. नवरा गेला आणि महिना पुरा व्हायच्या आत दिराने दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत ठोकली. मधोमध हे आपलं म्हणायचं. रस्त्यावरचा रुंद भाग, मोठी काच, उजेड, पंखा, सगळं पलीकडे गेलं. वहिनीच्या वाट्याला आली दारापुरती पट्टी. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे सरावं लागतं. भिंत ठोकताना तो म्हणाला होता, "वहिनी, तुम्ही आता घरी बसा. फोटो सगळ्यांचे मोबाईलमध्ये. फ्रेम करतंय कोण? आठ दिवस नाही चालायचं तुमचं दुकान."

चार वर्षं चाललं. पण वहिनी ते वाक्य विसरली नाही. माणसं उपकार विसरतात, अपमानाचा मात्र तारीख-वार सांगतात. ती तर त्या दिवशी त्याने कुठला सदरा घातला होता तेही सांगते.

दिराला बाजारात धाकटा म्हणतात. त्याने भेटवस्तूंचं दुकान काढलं. किल्लीच्या साखळ्या, कपबश्या, बॅटरीवर भुंकणारी कुत्री, आणि दोन वर्षांपासून शंखातले खेकडे. हे खेकडे जमिनीवरचे. मागचा अर्धा देह मऊ असतो, म्हणून कुणाचातरी रिकामा शंख पाठीवर घेऊन हिंडतात. धाकट्याकडचे शंख रंगवलेले असायचे. कुणावर हसरा चेहरा, कुणावर चांदणी, कुणावर फुटबॉल. तारेच्या पिंजऱ्यात चाळीसेक कोंबलेले. गिऱ्हाईक आलं की धाकट्याची टकळी सुरू, "काही करावं लागत नाही हो! ना अंघोळ, ना फिरवणं. दोन थेंब पाणी, बिस्किटाचा तुकडा. पोरं खूश, तुम्ही मोकळे!"

तर त्या दिवशी नवा माल आला होता आणि त्यातले दोन धाकट्याने डब्यात फेकले. एकाचा रंग शंखाच्या तोंडापर्यंत ओघळून त्याच्या अंगाला लागलेला, दुसऱ्याचे डावीकडचे तीन पाय तुटलेले.

"जिवंत आहेत रे," वहिनी म्हणाली.

"खपणार नाहीत, वहिनी. लंगडा माल कोण घेतं?"

"तुला नकोत ना?"

"घ्या की! पण सांगून ठेवतो, आठ दिवस नाही जगायचे."

त्याला काय माहीत तो काय बोलून गेला. वहिनीचा चेहरा काच कापताना होतो तसा झाला. ओठ मिटलेले, नजर एका रेषेवर. दोन्ही खेकडे तिने पदरात घेतले आणि प्लायवूडच्या अलीकडे आली. मला म्हणाली, "पुढारी, बसायला जागा नाही. फलक ठेव आणि जा. मला काम आहे."

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे लोकांनी तिला फार दयाळू वगैरे ठरवलं. तिने खेकडे घेतले ते दयेने नाही. खुन्नस म्हणून घेतले. तिला त्यांचं नाक कुठे आणि तोंड कुठे हेही माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की हे जगले तर धाकट्याचं नाक कापलं जातं.

सांजेपर्यंत तिने जाड काचेची पेटी उभी केली. कोपऱ्यांवरून अंगठ्याचं नख फिरवून पाहिलं, कुठे अडलं नाही. फ्रेमवाली ती, कोपऱ्यात फट राहू देईल तर शप्पथ. ज्याच्या शंखावर चेहरा होता तो हसरा, आणि दुसरा लंगडा. आता खाली अंथरायला काय? फ्रेमच्या दुकानात पोतंभर असतं ते एकच, लाकडाचा भुसा. पट्ट्या कापताना पडलेला. तिने तो चाळला, खडे-खिळे काढले, उन्हात कडकडीत वाळवला आणि चार बोटं जाड थर दिला. महागाची काच भुशातच ठेवतात, तिच्या हिशेबी भुशाइतकी सुरक्षित जागा जगात नाही. नळाचं पाणी झाकणात, बिस्किटाचा तुकडा शेजारी. बिस्किटाचं धाकट्याकडूनच ऐकलेलं. दुष्मनाचा सल्ला तिने आयुष्यात तेवढा एकदाच मानला.

सहाव्या दिवशी हसरा मेला. शंखाबाहेर येऊन, भुशावर, उघडा पडून. शंखावरचा चेहरा मात्र बाजूला तसाच हसत होता.

मी गेलो तेव्हा वहिनी स्टुलावर बसली होती. पलीकडून प्लायवूडवर टकटक झाली. "वहिनी, काय खबर? आठ नाही, सहाच का?" भिंत पातळ, त्याला सगळं ऐकू जायचं.

मी पेटलो. म्हटलं, "वहिनी, अर्ज लिहू. प्राण्यांचा छळ, परवाना नाही, सह्यांची मोहीम काढू. पंधरा दिवसांत याचं शटर खाली आणतो."

"तुझा कागद तुझ्याजवळ ठेव," ती म्हणाली. "माझा खेकडा माझ्या पेटीत मेला. आधी मला कळू दे मेला कशाने."

ते कळलं शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडून. त्या प्रदर्शनाचे तक्ते फ्रेम करायला यायच्या. पेटीत डोकावल्या आणि चष्मा कपाळावर चढवून ओरडल्याच, "अहो, हे काय! भुसा? तोही कोरडा?"

"चांगला वाळवलाय, बाई. कडकडीत ऊन दिलंय."

"तेच तर केलंत! यांना श्वास घ्यायला ओल लागते. कल्ले असतात त्यांना. कोरड्या हवेत गुदमरतात हो, हळूहळू. आणि हा पॉलिशचा वास? थिनरची बाटली कुठे आहे तुमची?"

थिनरची बाटली पेटीला टेकूनच होती.

वहिनीची मान खाली गेलेली मी नवऱ्याच्या मरणानंतर पहिल्यांदा पाहिली. बाई बोलत होत्या आणि ती माउंटच्या, म्हणजे फोटोभोवती लावतात त्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहून घेत होती. ओली वाळू, खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट खोल. पेटीवर झाकण, आत दमट आणि ऊब. पाणी दोन प्रकारचं, एक गोडं, एक समुद्राच्या मिठाचं. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीनचं औषध काढून मगच ते द्यायचं. अंड्याचं कवच कुटून. आणि न रंगवलेले मोठे शंख, दोन-चार, त्याला निवडायला.

"निवडायला?" वहिनीने मान वर केली. "म्हणजे हा रंगवलेला त्याने निवडला नव्हता?"

"निवडेल कसा? मूळचा शंख फोडतात, मग जीव वाचवायला मिळेल त्यात शिरतात बिचारे."

प्लायवूडपलीकडे धाकटा कुणाला तरी सांगत होता, "काही करावं लागत नाही हो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीच्या दारावर एक फ्रेम लटकली. खोल पेटीची, काळ्या पट्टीची, आत पांढरा माउंट आणि त्यावर हसऱ्याचा रिकामा शंख. फोटोखाली नाव लिहितात तशी खाली चिठ्ठी: "शेजारच्या दुकानातून फेकला. माझ्या दुकानात सहा दिवस जगला. दोघांनी मिळून मारला, निम्मा त्याने, निम्मा मी. त्याला माहीत होतं, मला नव्हतं."

मी म्हटलं, "तुझं नाव कशाला घातलंस? तो फिरवेल तुझ्यावरच."

"अर्धं खोटं लिहिलं तर तो उरलेलं अर्धं धरून बसेल, पुढारी. सगळंच लिहिलं की त्याच्या हाती काय राहतं?"

चाळीस वर्षं रस्त्यावर घोषणा दिल्या, हे कुणी शिकवलं नव्हतं.

लोक थांबायला लागले. आधी वाचून हसायचे, मग शंख बघून गप्प व्हायचे. आठवड्याच्या आत एक आई पोरीला घेऊन आली. पोरीच्या मुठीत चांदणीचा शंख. "आमचाही असाच गेला, दहा दिवसांत. हा शेजारचा म्हणाला तुम्ही जास्त हाताळला असेल. पोरगी अजून रडते, मीच मारला म्हणून." वहिनीने पोरीला विचारून चिठ्ठी लिहिली, फ्रेम केली, हसऱ्याच्या खाली लावली. मग एक न्हावी आला, त्याच्यामागे दोन बहिणी. महिन्याभरात दारावर नऊ फ्रेमा झाल्या. दुकानात शिरायला वाट राहिली नाही, पण आता धाकट्याच्या दुकानातही फार कुणी शिरत नव्हतं.

आणि तेवढ्यात लंगडा गायब झाला.

वहिनीने नवी पेटी केली होती, ओली वाळू भरली होती, पेटी पॉलिशपासून लांब, पुढच्या कोपऱ्यात आणली होती. लंगडा त्यात चांगला रुळला होता. गाजर खायचा, खाऱ्या पाण्यात जाऊन बसायचा, वहिनीने बोट नेलं की धरून बघायचा. "चावतो मेला," ती कौतुकाने सांगायची. एका सकाळी पाहिलं तर वाळूवर नुसता खळगा.

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "कात टाकायला खाली गेला असेल. कात टाकताना अंग लोण्यासारखं मऊ असतं. सहा आठवडे, आठ, कधी त्याहून जास्त. काहीही झालं तरी उकरू नका. उकरलंत तर मेलाच."

"आणि आधीच मेला असला तर?"

"तर वास येईल. सडक्या मासळीचा. लपायचा नाही."

तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडलं की वहिनी पेटीचं झाकण सारायची, नाक वाळूपर्यंत न्यायची आणि दीर्घ श्वास घ्यायची. रस्त्यावरून दिसायचं सगळं. धाकट्याला तर पर्वणीच. तो गिऱ्हाइकांसमोर काउंटरवर वाकून नक्कल करायचा. "वहिनी भाजीचा वास घेतायत, कुणी मीठ जास्त टाकलं काय!" माणसं हसायची. माणसं काय, कुणाच्याही बाजूने हसतात.

पाचव्या आठवड्यात त्याने डाव टाकला. भर दुपारी, बाजारात गर्दी असताना, हातात चमचा घेऊन वहिनीच्या दारात उभा राहिला.

"ऐका हो सगळे! माझ्या वहिनींनी माझ्या पोटावर पाय देण्यासाठी इथे नऊ मेलेले शंख टांगलेत. सांगतात काय, नीट ठेवलं तर जगतो. मग तुमचा कुठाय? दाखवा ना! या पेटीत खेकडा नाही, वाळू आहे. पुरलाय त्यांनी!"

"खाली आहे," वहिनी म्हणाली.

"मग उकरा. हा घ्या चमचा. जिवंत निघाला तर मी स्वतः माझा पिंजरा उचलून नाल्यात रिकामा करतो. चला!"

लोक जमले. कुणीतरी म्हणालं, "दाखव की वहिनी, एकदाचं तोंड बंद होईल त्याचं." न्हावीही म्हणाला. खरं सांगतो, मीही म्हणालो. "वरची थोडी वाळू बाजूला कर, एक पाय दिसला तरी पुरे." इतकी मोठी संधी, समोर आयती गर्दी, धाकटा आपल्याच शब्दांत अडकलेला. मला राहवेना.

वहिनीने चमचा हातात घेतला. चार वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो वीतभर वाळूखाली होता. तिला उकरायचं होतं. इतकं, की बोटं पांढरी पडली होती.

मग तिने चमचा धाकट्याच्या खिशात ठेवला. "नाही."

"का? मेलाय म्हणून?"

"तुला दाखवायला मी त्याला मारणार नाही. म्हण मला खोटी."

"खोटी!" धाकटा हात उंचावून म्हणाला. "ऐकलंत? स्वतःच कबूल करतायत!" आणि गर्दी हसली, आणि पांगली. त्या आठवड्यात दोघांनी आपापल्या फ्रेमा उतरवून नेल्या. धाकट्याने तीन खेकडे विकले.

मी तिच्यावर चिडलो. म्हटलं, "हातचा घास घालवलास."

"तुला काय जातं रे बोलायला?" ती माझ्यावरच उसळली. "मी रोज इथे बसते. रोज वाटतं, बोट घालावं, एकदा बघावं. वास येत नाही, पण माझं नाकच गेलं असेल तर? चाळीस वर्षं थिनर हुंगलाय मी! हा धाकटा सहावीत होता तेव्हा मी या घरात आले. याच्या वह्यांना कव्हरं घातली, तापात उशाशी बसले. आणि माझ्या दारात येऊन मला खोटी म्हणतो. मला त्याचं तोंड काळं झालेलं बघायचंय. पण ते या मुक्या जिवाच्या मढ्यावर नको. मग माझ्यात त्याच्यात काय फरक?" आणि फटकन पट्टी कापली. चुकीच्या मापाची कापली.

आणखी सहा आठवडे गेले. बोलणं कमी झालं तिचं. गिऱ्हाईक यायचं, माप द्यायचं, जायचं. सकाळचा वास घेणं मात्र चुकलं नाही.

तो वर आला तो एका मंगळवारी, दुपारच्या सामसुमीत. वहिनी माउंट कापत होती. काचेवर खरवडल्याचा आवाज आला. तिला आधी वाटलं, पलीकडे धाकटा काही घासतोय. मग बघितलं. वाळूतून आधी दोन मिश्या, मग डोळे, मग पाय. तिने मोजले. डावीकडचे तिन्ही पाय परत आले होते, फिकट, बारीक, पण सगळे. तिने हाक मारली नाही कुणाला. तीन दिवस पेटीवर कापड टाकून ठेवलं, बाई म्हणाल्या होत्या, विश्रांती लागते. तिसऱ्या दिवशी लंगड्याने रंगवलेला शंख सोडला आणि शेजारचा साधा, तपकिरी, खरबरीत शंख आतून-बाहेरून चाचपून घेतला. अंगठ्याचं नख फिरवावं तसं. मग झटक्यात आत शिरला.

तेव्हा तिने पेटी उचलून रस्त्याकडे तोंड करून स्टुलावर ठेवली आणि कापड काढलं. ओरडली नाही. पुन्हा माउंट कापायला बसली.

बाजारात बातमी सांगावी लागत नाही. घटकाभरात न्हावी, बहिणी, ती चांदणीवाली पोरगी, सगळे हजर. पोरगी काचेला नाक लावून पाय मोजत होती. धाकटाही आला. पाहिलं, आणि म्हणाला, "हॅ! हा तो नाही. दुसरा आणून ठेवलाय."

न्हाव्याने विचारलं, "आणला कुठून? गावात खेकडे विकतो कोण? तूच ना?"

असा हशा पिकला की पलीकडची बॅटरीवरची कुत्रीही भुंकायला लागली असतील. धाकट्याचे कान तांबडेलाल झाले. मी वहिनीकडे बघितलं. ती हसत नव्हती. ती फक्त बघत होती त्याच्याकडे, सावकाश, अन्न चावून खावं तशी.

पंधरवड्यात धाकट्याकडे खेकडा मागायला कुणी येईना. आले ते मेलेले परत करायला. एका सकाळी तो तारेचा पिंजरा घेऊन प्लायवूडच्या अलीकडे आला. आत अकरा उरले होते.

"घ्या," तो म्हणाला. "जिंकलात. तुम्हीच सांभाळा. नाहीतर मी नाल्यात सोडतो."

मला वाटलं, झालं, फिटला सूड. वहिनीने पिंजऱ्यात बघितलं. मग मागून कापडाखालची एक पेटी काढली. मोठी, चार फुटी. कधी केली होती कोण जाणे. काचा भारी, कोपरे चोख.

"मी नाही सांभाळणार. तू सांभाळायचे. तुझ्या दुकानात, मोठ्या काचेशी, लोकांना दिसतील असे. वाळू मी भरून देते. रोज सकाळी फवारा, दोन्ही प्रकारचं पाणी, अंड्याचं कवच. एकही विकायचा नाही. मग मी दारावरच्या फ्रेमा उतरवते."

"आणि नाही केलं तर?"

"तर हा पुढारी बसलाय. कधीपासून अर्ज लिहायला हात शिवशिवतायत त्याचे."

धाकट्याने माझ्याकडे बघितलं. मी खिशातलं पेन काढून दाखवलं. त्याने मनात गणित केलं, चेहऱ्यावर दिसलं ते. अकरा खेकडे, आपल्या हातात, किती दिवस टिकणार? महिनाभरात मरतील, पेटी रिकामी, आपण मोकळे. "ठीक आहे," तो म्हणाला, आणि थोडा हसलासुद्धा.

आता दोन वर्षं होत आली. अकरापैकी दहा आहेत. रोज सकाळी वहिनी आपलं शटर उघडायच्या आधी पलीकडे जाते. वाळूत बोट खुपसून ओल बघते. खाऱ्या पाण्याचा थेंब जिभेवर घेऊन बघते. एकदा त्याने नळाचं पाणी तसंच ओतलं होतं, तर भर गिऱ्हाइकांत तिने त्याला बादली घेऊन उभं केलं. तो सुट्टी घेऊ शकत नाही. बाहेरगावी लग्नाला गेला तर फोन येतो. ज्या काचेपुढे सगळ्यात जास्त माल मांडायचा तिथे आता माणसं फुकट खेकडे बघायला उभी राहतात.

परवा मी तिथेच होतो. धाकटा फवारा मारत होता, वाकून, चष्म्यावर तुषार उडालेले. वैतागून म्हणाला, "वहिनी, बास झालं आता. किती दिवस जगतात हो हे?"

"नीट ठेवले तर? बाई म्हणतात, वीस-तीस वर्षं."

त्याच्या हातातला फवारा थांबला. "तीस?"

"मी त्यांना मरू द्यायची नाही," वहिनी म्हणाली. "तो कोपरा राहिला बघ. तिकडेही मार."